बापाचं रक्त की बापाची विडी: नागपुरातलं एक प्रकरण

या कुटुंबाला आमच्याकडून निवाडा हवा होता. सात वर्षांचा वेदांत वर्गात टिकत नाही, बाईंनी डायरीत लाल शाईनं लिहून लिहून पानं भरली, शेजारच्या मुलाच्या हाताला पेन्सिल टोचली, हे सगळं होतंच. पण प्रीतीताईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, बसल्याबसल्या विचारलं ते निराळंच: "हे कोणामुळं झालं, ते एकदा यांच्यासमोर सांगून द्या, मॅडम." समोर सासूबाई आणि नवरा. पाठीमागे भिंतीवरच्या वजनकाट्याशी झटापट करणारा वेदांत. ताई त्या वेळी पाच महिन्यांच्या गरोदर होत्या, आणि प्रश्नाला धार होती ती त्यामुळं.

घर पाचपावलीतलं. नावं बदलली आहेत, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकमेकांत मिसळले आहेत. बालविकास केंद्रात मानसतज्ज्ञ म्हणून काम करताना असा वाद पुष्कळदा कानावर येतो: मुलाचा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलता-उतावळेपणा यांचा विकार, रक्तातून आला की तंबाखूतून. इथं तो फार स्वच्छ मांडला गेला होता, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

दोन आरोप

सासूबाईंचं म्हणणं: दोष कामठीचा. प्रीतीताईंचं माहेर कामठीचं, आई घरी विड्या वळायची. कामठीत विड्या वळणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली ती याच गावात. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात ताई माहेरी गेल्या, आणि सुपात तेंदूपत्ता नि तंबाखू घेऊन आईच्या शेजारी बसल्या. "पोटात लेकरू अन् हातात तमाखू. मग दुसरं काय होणार जी?" असं आजींचं.

प्रीतीताईंचं म्हणणं: दोष घराण्याचा. नवरा तसाच आहे. मंगेशभाऊ मोटर वाइंडिंगचं काम करतात. हात सोन्याचा, पण बिलं कधी लिहिलेली नसतात, गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाळलेली नसते, नववीत शाळा सुटली ती सुटलीच.

आजींनी ठामपणे सांगितलं की आमच्या घराण्यात असं कोणी नाही. आणि दहाएक मिनिटांनी वेदांत खुर्चीवर उलटा लटकला तेव्हा हसून म्हणाल्या, "याचा बापही असाच होता. चवथीत मास्तरनं शाळेच्या खांबाले बांधून ठेवलं होतं याले." मंगेशभाऊ काही बोलले नाहीत. मी ते वाक्य जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवून घेतलं. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात त्याहून चांगली नोंद मिळाली नसती.

तपासणी

निदानाचा भाग थोडक्यात. कान, डोळे, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन आणि लोह किंचित कमी. बुद्ध्यांक सरासरीत, वाचनात वयाच्या मानानं थोडा मागे. झोप उशिरा, पण घोरणं नाही. एडीएचडी म्हणायला लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली असावी लागतात आणि किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. नुसतं "घरी ऐकत नाही" एवढ्यावर निदान होत नाही. अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ अशी लक्षणं असतात, त्यांपैकी कुठल्याही एका गटातली सहा लागतात. वेदांतच्या बाईंच्या फॉर्मवर पहिल्या गटातली सात होती आणि दुसऱ्यातली आठ. आईच्या फॉर्मवर जवळपास तितकीच.

मला जास्त बोलकी वाटली ती त्याची मराठीची वही. प्रत्येक पानावर पहिल्या तीन ओळी नेटक्या, काना-मात्रा जागच्या जागी, अक्षर ओळीला टेकलेलं. चौथ्या ओळीपासून अक्षरं मोठी होत जातात, ओळ सोडतात, आणि पानाच्या मध्यावर वाक्य अर्धंच सुटतं. खाली ट्रॅक्टर. पान उलटलं की पुन्हा तीन नेटक्या ओळी. लिहिता येत नाही असं हे मूल नाही. येतं ते त्याला टिकवता येत नाही.

जन्माचा कागद ताईंनी जपून ठेवला होता. दिवस भरलेले, वजन २ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलोच्या खाली. गरोदरपणात ताईंचं हिमोग्लोबिन आठच्या घरात. कमी जन्मवजन आणि एडीएचडी यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलेला आहे, तेव्हा आजींच्या आणि ताईंच्या यादीत नसलेली एक गोष्ट इथंच टेबलावर आली.

धुराचा हिशेब

मंगेशभाऊ दिवसाला एक कट्टा विडी ओढायचे. त्यांचा बचाव तयार होता: "घरात मी कधीच पित नव्हतो, मॅडम. बाहेर ओट्यावर."

वेदांतचा जन्म सप्टेंबरचा. म्हणजे ताईंचा चौथा ते सहावा महिना नागपूरच्या उन्हाळ्यात गेला. मी सहज विचारलं, कुलर कुठं लावता? ओट्याकडच्या खिडकीत. रात्री जेवण झाल्यावर विडी कुठं? ओट्यावर, कुलरच्या बाजूला, तिथं जरा थंड लागतं. ताई कुठं झोपायच्या? कुलरसमोर, पोटुशी बाई मे महिन्यात आणखी कुठं झोपणार? हे बोलता बोलता मंगेशभाऊच थांबले. उन्हाळाभर जळालेल्या कुलरच्या मोटरी भरणाऱ्या माणसाला कुलर काय करतो हे मी सांगायची गरज नव्हती. तीन बाजूंच्या ताट्यांमधून तो बाहेरची हवा ओढतो आणि आत फेकतो. ओल्या ताट्या धूळ अडवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू अडवत नाहीत.

यातून किती धूर ताईंपर्यंत गेला हे कोणी मोजलेलं नाही, आणि ओट्यावरच्या मोकळ्या हवेत बराचसा विरलाही असेल. "मी बाहेर ओढतो" या वाक्यावर मात्र तेव्हापासून माझा भरवसा राहिलेला नाही.

गर्भापर्यंत काय पोहोचतं, ते माहीत आहे. तंबाखूतलं निकोटीन वार, म्हणजे प्लॅसेंटा, सहज ओलांडतं आणि गर्भाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा थोडं जास्तच साठतं. गर्भाच्या मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) पहिल्या काही महिन्यांतच तयार झालेले असतात. पेशी कुठं जातील, कशा जोडल्या जातील यात त्यांचा हात असतो, आणि बाहेरून आलेलं निकोटीन त्यांना अवेळी चाळवतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायू कमी करतो. आईचं हिमोग्लोबिन आधीच आठ असेल तर ती तूट आणखी वाढते. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या कातडीतूनही निकोटीन शरीरात जातं. त्यामुळं आजींचा कामठीवरचा आरोप अगदीच हवेतला नव्हता. फक्त तो शेवटच्या दोन महिन्यांपुरता होता. आणि आजी स्वतः सासरच्या घरात रोज सकाळी गुडाखू, म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पेस्ट, घासत होत्या, सुनेलाही मळमळीवर म्हणून देत होत्या, ते त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

इथं एक खबरदारी. धूर आणि एडीएचडीवरचे बहुतेक मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतले, स्वतः सिगारेट ओढणाऱ्या आयांवरचे आहेत. आपल्याकडचं चित्र वेगळं. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या बायका २ टक्के निघाल्या, न जाळता तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के, आणि घरात दुसऱ्याचा धूर झेलणारे प्रौढ ३८.७ टक्के. आपल्या घरांत बाई सहसा ओढत नाही. ती घासते, चघळते, वळते, किंवा ओढणाऱ्याशेजारी झोपते. परदेशातले आकडे उचलून प्रीतीताईंना चिकटवणं म्हणूनच चुकीचं.

रक्ताचा हिशेब

एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातला आनुवंशिक वाटा साधारण ७० ते ८० टक्के धरतात. हा आकडा लोक हमखास उलटा वाचतात. वेदांतच्या त्रासातला पाऊणएक वाटा बापाचा, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकानं समजावता येतो, एवढंच तो सांगतो. एका मुलाला तो लावता येत नाही.

मंगेशभाऊंना मोठ्यांसाठीची प्रश्नावली दिली. ती भरताना दोनदा फोन घ्यायला उठले, एकदा खाली पानठेल्यावर जाऊन आले, आणि अर्धी कोरी परत दिली. म्हणाले, "हे तर माझंच लिहून ठेवलंय कोणीतरी." नववीत शाळा सुटली त्याच वर्षी विडी लागली होती. ओढली की "डोकं जागेवर येते, तार नीट गुंडाळता येते." ते खोटं नाही. निकोटीन मेंदूतलं डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं आणि थोडा वेळ लक्ष लागतं. एडीएचडी असलेली मुलं तंबाखूकडे लवकर वळतात आणि त्यांना ती सोडणं जड जातं, हे बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे.

या घराचा गुंता नेमका इथं आहे. बापानं मुलाला जनुकं दिली. त्याच जनुकांचा कल बापाला विडीकडे घेऊन गेला असावा, आणि विडीचा धूर गर्भातल्या त्याच मुलापाशी पोहोचला असावा. दोन आरोप दोन घराण्यांवर होते. पुरावा पाहिला तर मोठा भाग एकाच माणसापाशी येऊन मिळतो.

दोन्ही मिळून?

मंगेशभाऊंनी स्वतःच्या धंद्यातला दाखला दिला: वाइंडिंग कमजोर असेल आणि लाइटचं व्होल्टेजही पडलेलं असेल तर मोटर जळते, दोन्हींपैकी एकच असतं तर कदाचित चालून गेली असती. जनुक आणि परिस्थिती यांची आंतरक्रिया मी याहून सोपी करून सांगू शकले नसते. २००३ साली अमेरिकेतल्या १६१ मुलांच्या अभ्यासात थेट असंच दिसलं होतं. डोपामाइन पेशीत परत ओढून घेणाऱ्या वाहकाचं एक जनुक आहे, डीएटी-१. त्याच्या टोकाशी एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कोणात नऊ वेळा, कोणात दहा वेळा. आई आणि बाप दोघांकडूनही दहावाला प्रकार आलेला आणि गर्भात असताना आई धूम्रपान करत होती, अशा मुलांत चंचलता-उतावळेपणा आणि आडमुठेपणा जास्त निघाला. नुसतं जनुक किंवा नुसता धूर असलेल्यांत तसं दिसलं नाही. एडीएचडीवरचं मिथिलफेनिडेट हे औषध काम करतं ते याच वाहकाला अडवून, त्यामुळं गोष्ट जुळूनही येत होती.

पुढं २००७ साली मिसूरीतल्या जुळ्यांचा अभ्यास आला. तिथंही जनुक आणि धूर एकत्र आले की धोका वाढलेला दिसला, डीआरडी-४ नावाच्या दुसऱ्या जनुकाचा एक प्रकारही सोबत असेल तर गंभीर स्वरूपाच्या एडीएचडीचा धोका कितीतरी पट. पण डीएटी-१ चा दोषी प्रकार तिथं नऊवाला निघाला, दहावाला नव्हे! २००८ साली जर्मनीत मानहाइमला पुन्हा दहावाला, आणि तोही फक्त मुलग्यांत. एकाच गुन्ह्यासाठी तीन ठिकाणी निरनिराळे आरोपी पकडले जात असतील तर मी तपासाकडे संशयानं पाहते. शिवाय हे नमुने लहान होते. २०१९ साली वीस हजारांवर रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी झाली तेव्हा बारा ठिकाणं हाती लागली. २०२३ पर्यंत ती सत्तावीस झाली. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. २००३ च्या काळातली लाडकी उमेदवार जनुकं, म्हणजे आधीच संशय धरून तपासलेली, त्या पहिल्या बारांत नव्हती.

धुराच्या बाजूलाही असाच धक्का बसला. कार्डिफच्या संशोधकांनी २००९ साली एक हुशार वाट काढली. टेस्ट ट्यूबनं झालेली मुलं घेतली: काहींची जनुकं आईचीच, काही दात्याच्या स्त्रीबीजाची. म्हणजे गर्भ वाढवणारी आई तीच, पण दुसऱ्या गटात तिचं रक्त मुलात नाही. धूरच कारण असेल तर दोन्ही गटांत परिणाम सारखा दिसायला हवा. एडीएचडीच्या लक्षणांशी संबंध दिसला तो मुख्यतः सख्ख्या जोड्यांत. जन्मवजन मात्र दोन्हीकडे घटलेलं होतं. स्वीडनमध्ये आठ लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, एकाच आईच्या एका गरोदरपणात धूर आणि दुसऱ्यात नाही अशा भावंडांची तुलना केली, तेव्हाही संबंध जवळजवळ विरून गेला. उलट फिनलंडमध्ये २०१९ साली गरोदर आयांच्या साठवलेल्या रक्तातलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ, मोजलं, आणि ते जितकं जास्त तितका एडीएचडी जास्त असा चढता क्रम मिळाला. मोजमाप उत्तम, पण जनुकांचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नव्हता.

माझं मत विचाराल तर असं: एडीएचडीच्या बाबतीत रक्ताचं पारडं जड आहे, धूर एकट्यानं तो घडवतो याला पुरावा कच्चा आहे, आणि दोहोंच्या संगनमताची कल्पना पटण्यासारखी असली तरी आजच्या घडीला तिचा एखाद्या मुलावर ठपका म्हणून वापर करता येत नाही. मंगेशभाऊंचा दाखला इथंच अडतो. जळालेली मोटर उघडून बघता येते.

"डीएनए टेस्ट करून टाकू का?"

नात्यातल्या कोणीतरी खासगी प्रयोगशाळेची जाहिरात फोनवर पाठवली होती. ताईंना ती हवी होती, कारण कागदावर छापून आलं की सासूबाई गप्प बसतील. मी स्पष्ट नको म्हटलं. दहावाला प्रकार बहुतेक लोकसमूहांत सर्वांत जास्त आढळतो. वेदांतमध्ये तो निघाला असता तर त्याच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांतही निघाला असता, आणि ती सगळी बाकावर नीट बसलेली आहेत. त्या पैशात वर्षभराचं औषध येतं. हे शेवटचं वाक्य आजींना लगेच पटलं.

प्रकरणाच्या फाइलीत कारणांच्या रकान्यात आम्ही लिहिलं: वडिलांकडून आनुवंशिक कल (संभाव्य), गर्भकाळात परोक्ष धूर व तंबाखूचा संपर्क, आईचा रक्तक्षय, कमी जन्मवजन, स्वतंत्र वाटा ठरवता येत नाही. तिघांना ते वाचून दाखवलं. ताईंचा चेहरा उतरला. त्यांना एक नाव हवं होतं.

मग केलं काय

धूर थांबवायला एडीएचडीचा पुरावा लागतच नाही. जन्मवजन, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, बाळाचा दमा, एवढं पुरेसं आहे, आणि जन्मवजनाबद्दल तर त्या टेस्ट ट्यूबच्या अभ्यासानंही शंका ठेवली नाही. पोटातल्या बाळासाठी हाच एक धागा असा होता की जो आमच्या हातात होता.

मंगेशभाऊंनी विडी टाकली आणि आठवडाभरात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटायला लागले. धूर नाही ना, असं त्यांचं समाधान. गर्भाच्या दृष्टीनं ते काही अंशी खरंही होतं, त्यांच्या तोंडाच्या दृष्टीनं मुळीच नाही. शिवाय खर्ऱ्याची पन्नी घरात आली की गुडाखूच्या डबीसारखीच ती सगळ्यांची होते. सरकारी क्विटलाइनचा नंबर दिला, १८००-११२-३५६. फोन त्यांनी आमच्यासमोरूनच लावला, कारण नंतर लावतो म्हणणारा हा माणूस नंतर लावत नाही, हे तोवर कळलं होतं. निकोटीनचा च्युइंगम सुरू झाला. ताईंचं लोह सुरू झालं. गुडाखूबद्दल आजींशी दोनदा बोलावं लागलं. सुनेला देणं त्यांनी थांबवलं, स्वतःचं नाही.

वेदांतला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब जागा. एका वेळी एकच सूचना. चौथ्या ओळीशी वही बाईंकडे नेऊन दाखवायची, सही घ्यायची, परत येऊन पुढच्या तीन ओळी. उठायची परवानगीच त्याच्या लिखाणात बसवून टाकली. ही युक्ती बाईंची, आणि आमच्या छापील यादीतल्या कुठल्याही सूचनेपेक्षा सरस. बालरोगतज्ज्ञांनी वजन, नाडी, रक्तदाब पाहून मिथिलफेनिडेटचा छोटा डोस सकाळी सुरू केला. पंधरवड्यात डब्यातली पोळी तशीच परत यायला लागली. आजी म्हणाल्या, "औषधानं पोट्टा सुकून राहिला." भूक मरते हे खरंच आहे, म्हणून गोळी न्याहारीनंतर, डबा हलका, आणि संध्याकाळी औषध उतरल्यावर पोटभर. वजन दर महिन्याला लिहितो, वाढतंय.

आजची स्थिती

धाकटी २ किलो ८०० ग्रॅमची झाली. तिच्याबद्दल ताई दर भेटीत विचारतात, आणि मी दर वेळी सांगते की या वयात बघण्यासारखं काही नाही. भाऊ आणि बाप तसे आहेत म्हणून शक्यता थोडी जास्त, एवढंच. वेदांतची पानं आता बऱ्याचदा शेवटच्या ओळीपर्यंत जातात. ट्रॅक्टर समासात गेला आहे. दिवाळीत मंगेशभाऊंची विडी पुन्हा सुरू झाली होती, पुन्हा सुटली. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलंय; तिथली पहिली भेट झाली, दुसरी त्यांनी दोनदा चुकवली. उन्हाळ्यात दुकानातून हलता येत नाही म्हणतात. जुलैची तारीख घेतली आहे, आणि आदल्या दिवशी ताईंना फोन करायचं आमच्या रिसेप्शनला सांगून ठेवलं आहे.